वीतभर पाण्याचा दाब

सोसायटीत पाइप गॅस येणार म्हटलं की पहिला प्रश्न बिलाचा निघतो, दुसरा डिपॉझिटचा. पाइप ओट्यापर्यंत कुठून येणार, मीटर कुठे बसणार, शेगडीत काय बदलणार, हे फिटर दारात उभा राहीपर्यंत कोणी विचारत नाही. मग तो भिंतीला ड्रिल लावतो आणि घरातली सगळी माणसं टाइल्सच्या काळजीने गोळा होतात. पुण्यात कोथरूडला आमच्या घरी आणि नंतर बहिणीकडे हे काम मी शेजारी बसून नीट पाहिलं. पाइप जोडायला वेळ लागत नाही. वेळ लागतो जोडलेला पाइप तपासायला, आणि घरच्यांची घाई नेमकी तिथेच सुरू होते.

रस्त्याखालच्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या पाइपमधून गॅस येतो तेव्हा त्याचा दाब साधारण ४ बार असतो. सोसायटीच्या आवारातला रेग्युलेटर तो १०० मिलिबारच्या आसपास आणतो. मग भिंतीवरून लोखंडी रायझर चढतो, आणि मीटरजवळचा छोटा रेग्युलेटर दाब आणखी उतरवून २१ मिलिबारवर आणतो. म्हणजे किती, असं विचारल्यावर आमच्या फिटरने हाताची वीत पसरून दाखवली. एवढ्या उंचीचं पाणी तळाशी जेवढं दाबेल, तेवढाच हा दाब. सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून येणारा गॅससुद्धा याहून जोरात, ३० मिलिबारने येतो.

एवढासा दाब ऐकून माणूस निर्धास्त होतो, आणि मला वाटतं इथेच चुकतो. दाब कमी म्हणजे गळतीचा आवाजही कमी. सायकलच्या ट्यूबसारखी फुस्स करून ती स्वतःची खबर देत नाही. तिला शोधावं लागतं.

फिटर बीडकडचा होता. पंचविशीचा असेल, बोलायला कमी. त्याने पाइपचं माप घेतलं, तुकडा कापला, कापलेल्या तोंडाची आतली धार कानशीने काढली आणि आटे पाडले. मग टेफलॉन टेप. टेप गुंडाळताना मी प्रथमच नीट पाहिलं की तो पहिला आटा मोकळा सोडत होता. टेप तोंडापर्यंत नेली तर जोड आवळताना तिचा धागा आत तुटतो, गॅसबरोबर पुढे जातो आणि कधीतरी शेगडीच्या जेटच्या बारीक भोकात जाऊन बसतो. टेप गुंडाळायची ती आट्यांच्या दिशेनेच, म्हणजे एल्बो (वळणाचा जोड) फिरवताना ती आणखी घट्ट बसते. उलटी गुंडाळली तर उसवून येते. आणखी एक नियम तो कटाक्षाने पाळत होता. आवळलेला एल्बो जरा जास्त फिरला, तोंड वाकडं झालं, तर तो मागे फिरवून सरळ करायचा नाही. सगळा जोड उघडायचा, जुनी टेप खरवडून काढायची आणि नव्याने करायचा. ओट्याखालच्या एका वळणावर त्याला हे करावं लागलं. कोणी बघत नसतं तरी त्याने केलंच असतं, याची मला खात्री वाटली, कारण तेव्हा तो आमच्याकडे पाठ करूनच बसला होता.

पाइप पुरा झाल्यावर त्याने शेगडीकडचा कॉक बंद केला आणि लाइनमध्ये हवा भरली. गॅस नाही, हवा. तपासणीत गळायचंच असेल तर हवा गळू दे, कोणाचं काही बिघडत नाही. टोकाला पाण्याची पारदर्शक नळी लावली, यू आकाराची. हवेच्या दाबाने एका बाजूचं पाणी वर चढलं, तिथे त्याने पेनाने रेघ मारली आणि खाली बसला.

ही दहा-पंधरा मिनिटं घरच्यांना सोसवत नाहीत. माणूस नुसता बसलाय, म्हणजे काम संपलंय, असं वाटतं. आमच्याकडेही चहा झाला, "आता लावून बघू की" झालं, वरच्या मजल्यावरून हाका झाल्या. तो नळीकडे बघत राहिला. रेघेच्या किंचित खाली पाणी आलं होतं. मला ते दिसलंच नव्हतं. त्याने डबीतला साबणाचा फेस ब्रशने एकेका जोडाला लावला. खिडकीखालच्या युनियनवर, म्हणजे उघडता येणाऱ्या जोडावर, फेस आधी नुसताच पसरला, आणि मग त्यात एक बुडबुडा सावकाश फुगत गेला, फुटला, परत फुगू लागला.

"एवढ्याने काय होतंय," असं घरातल्या कोणीतरी म्हटलंच.

"आज काय नाही होत," तो म्हणाला. "पण हा रात्रीपण चालू राहणार ना."

युनियन उघडली, बसवली, पुन्हा हवा, पुन्हा रेघ, पुन्हा तेवढीच मिनिटं. या खेपेला पाणी जागचं हललं नाही.

पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेने खर्च वाचवण्यासाठी तेलक्षेत्रातल्या वाहिनीतून वाया जाणारा गॅस जोडून घेतला होता. त्याला वास नव्हता. इमारतीखाली तो साचत गेला आणि कोणाला कळलं नाही. १८ मार्च १९३७ रोजी शाळेच्या कार्यशाळेत एक विजेचं यंत्र सुरू करताना ठिणगी पडली आणि सुमारे ३०० माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर टेक्सासने गॅसला वास देणं कायद्याने सक्तीचं केलं. वास आल्यावर एक्झॉस्ट फॅनच्या बटणाला हात लावू नका, हे फिटर लोक घोकून सांगतात, ते त्याच ठिणगीच्या भीतीने. आधी मीटरजवळचा कॉक बंद करायचा, मग हाताने खिडक्या उघडायच्या.

खिडकीचंही गणित पाइप गॅसने बदलतं. सिलिंडरमधला वायू हवेच्या दीड ते दोन पट जड, तो गळला तर जमिनीलगत साचतो. मिथेन हवेपेक्षा बराच हलका, तो छताकडे जातो. म्हणून वरची झडप, जाळी, उघडी फट यांना महत्त्व. बहिणीच्या घरी स्वयंपाकघर नव्याने करणाऱ्या सजावटकाराने नेमकी वरची जाळी बंद करून तिथे कपाट काढलं होतं आणि पिवळा पाइप प्लायच्या खोक्यात झाकायचा बेत केला होता. पाइप दिसायला वाईट दिसतो म्हणे. फिटरने खोकं निघाल्याशिवाय लाइन चालू करायला साफ नकार दिला, तेव्हा बहीण चिडली, पण मला त्याचंच पटलं. बंद खोक्यात गळालेला गॅस खोक्यातच साठतो, आणि जोडाला फेस लावायला तिथे हात पोचत नाही. हवेत मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं की तो पेट घेतो. मोकळ्या स्वयंपाकघरात तिथवर पोचायला वेळ लागतो, बंद कपाटात लागत नाही. गॅसचा पाइप डोळ्यासमोरच हवा, त्यासाठी ओट्याची शोभा थोडी उणी झाली तरी चालेल.

मग आमच्याकडे शेगडीची पाळी. फिटरने बर्नर काढले, शेगडी उलटी केली, पान्याने जेट सोडवले. पितळेचा इवलासा तुकडा, मधोमध जेमतेम दिसणारं भोक. घरातल्या शेगडीचा सगळा स्वभाव त्या भोकात असतो. एक घनमीटर नैसर्गिक वायू जाळला तर जेवढी उष्णता मिळते, तिच्या अडीच ते तीन पट तेवढ्याच आकारमानाच्या सिलिंडरच्या वायूतून मिळते. शिवाय पाइपमधला दाबही कमी. मिथेन हलका असल्याने भोकातून वेगाने निघतो, त्यामुळे थोडी भरपाई होते, तरी तोच भात तेवढ्याच वेळात शिजायला हवा असेल तर भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट लागतं. व्यासात बघितलं तर वाढ दीडपटीहूनही कमी, डोळ्यांना कळणारसुद्धा नाही. फिटरकडे लहानमोठे बिट ओळीने लावलेले होते. लहान बर्नरला एक, मोठ्याला दुसरा. बिट हाताने फिरवत त्याने भोक मोठं केलं, फुंकर मारली आणि जेट खिडकीच्या उजेडाकडे धरून बघितला.

गॅस सोडल्यावर आधी लाइनमधली हवा बाहेर काढली, खिडक्या सताड उघड्या ठेवून. वास स्थिर आला तेव्हाच लायटर लावला. ज्योत पहिल्यांदा टोकाला पिवळी होती. एका भाग मिथेनला पुरतं जळायला जवळजवळ दहा भाग हवा लागते, आणि त्यातली काही जेटच्या मागच्या फटीतूनच आत ओढली जाते. त्याने फट जरा उघडली, ज्योत निळी झाली, बर्नरच्या भोकांना चिकटून बसली. आणखी उघडली तर ती बर्नरवरून उचलली जाऊ लागली, म्हणून परत किंचित मिटली.

बहिणीने जुनी शेगडी गावी सासरी द्यायची ठरवली होती. तिथे सिलिंडर. तिच्या जेटची भोकं आता मोठी झालेली, त्यातून सिलिंडरचा गॅस सोडला तर ज्योत पिवळी, लांब आणि काजळी धरणारी होते, भांड्याबाहेर येते. नवे जेट बसवल्याशिवाय ती जोडू नका, असं फिटरने बजावलं आणि मार्करने शेगडीच्या पोटावर 'पीएनजी' (पाइपचा नैसर्गिक वायू) असं मोठं लिहूनही ठेवलं.

आमच्याकडे कागदावर सही घेण्याआधी फिटरने सासूबाईंना मीटरपाशी बोलावलं. कॉकचं हँडल पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवं असेल तर बंद.

"मला कशाला, सून आहे की," त्या म्हणाल्या.

"आजी, ताई ऑफिसात असल्यावर वास आला तर तुम्हीच बंद करणार ना?"

त्यांनी हँडल आडवं केलं, पुन्हा सरळ केलं. पहिल्यांदा जड गेलं, म्हणून त्याने परत करायला लावलं. मग सही घेतली आणि पिशवी उचलून तो वरच्या मजल्यावर गेला. तिथली मंडळी अजून हाका मारत होती.