एका स्कूपचा हिशेब

२००४ साली जर्मनीचे पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटिन यांनी लोकांना सांगितलं, की अपारंपरिक विजेला उत्तेजन देण्याचा भार कुटुंबामागे महिन्याला जेमतेम एक युरो, म्हणजे आइस्क्रीमच्या एका स्कूपएवढा पडेल. तेव्हाची बिलं पाहता ते फारसं चुकीचं नव्हतं.

गोम कायद्यात होती. त्याच वर्षी छपरावरच्या लहान सौर संचांच्या विजेला युनिटमागे ५७.४ सेंट दर ठरला, तोही वीस वर्षं बांधलेला. पुढच्या वर्षांत नव्या संचांचा दर उतरत गेला, पण जुन्यांचं देणं फिटेपर्यंत नव्यांचं त्यावर चढत राहिलं. २०१४ मध्ये बिलावरचा अधिभार युनिटला ६.२४ सेंटवर पोचला. वर्षाला साडेतीन हजार युनिट वापरणाऱ्या घराला महिना अठरा युरो!

मतदाराला हे आधी का दिसलं नाही? माणसाला आजच्यापेक्षा उद्याचं देणं हलकं वाटतं, हे नेहमीचं उत्तर. मला ते अपुरं वाटतं. अमेरिकेतल्या दुकानांत लेबलवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो काउंटरवर लागतो. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अशाच एका दुकानात काही वस्तूंना करासकट किमतीची लेबलं लावली. द्यायचे पैसे तेवढेच, आणि कर लागतो हे गिऱ्हाइकांना ठाऊकही होतं. तरी त्या वस्तूंची विक्री सुमारे ८ टक्क्यांनी घटली. म्हणजे इथे उद्याचा प्रश्नच नव्हता, काही मिनिटांनी द्यायचा पैसाही नजरेआड राहिला होता.

जर्मनीतच याची उलट बाजू २०२३ मध्ये दिसली. नव्या हीटिंग यंत्रणेत किमान ६५ टक्के अपारंपरिक ऊर्जा हवी, असा कायद्याचा मसुदा आला आणि देशभर गदारोळ उठला. इथे खर्च थेट घराच्या तळघरात येऊन उभा होता, हीट पंपाच्या कोटेशनसह. वीजबिलावरचा अधिभार मात्र जुलै २०२२ पासून रद्द झाला होता. संचमालकांचे पैसे चालूच होते, फक्त ते आता सरकारी तिजोरीतून जात होते. राजकारण्यांना लेबलचा धडा चेट्टींशिवायही कळतो.

तो सगळा पैसा वाया गेला, असं मात्र नाही. जर्मनीच्या मागणीवर चीनमधले कारखाने वाढले आणि जगभर पॅनेल स्वस्त झाली. महाराष्ट्रातल्या शेतांवर आज सौरपंप परवडतात, त्यात त्या अधिभाराचाही वाटा आहे. हा फायदा जर्मन ग्राहकाच्या बिलावर कुठल्याच रकान्यात छापला गेला नाही.