चेंडू वाट बघतो

एक फूटपट्टी घ्या. तीस सेंटिमीटरची, कंपासपेटीत न मावणारी. घरातल्या आजोबांना खुर्चीत बसवा आणि अंगठा व तर्जनी चिमटीसारखी उघडी धरायला सांगा. तुम्ही पट्टी वरून लोंबती धरा, शून्याचं टोक त्यांच्या चिमटीत, पण बोटांना न टेकता. आता न सांगता सोडून द्या. आजोबांनी ती पकडायची.

आमच्याकडे हा प्रयोग मागच्या रविवारी झाला. माझ्या भाचीनं, म्हणजे ओवीनं (वय वर्षं दहा), पट्टी सोळा सेंटिमीटरवर पकडली. तिच्या आजोबांच्या हाती पहिल्या वेळी पट्टी लागलीच नाही, ती सरळ त्यांच्या चपलेवर पडली. दुसऱ्यांदा सव्वीसवर सापडली. "डोळ्यांना दिसलं गं, पण हाताला निरोप उशिरा पोचला," आजोबा म्हणाले. विज्ञानाच्या पुस्तकात याहून वेगळं काही लिहिलेलं नसतं. सोळा सेंटिमीटर पडायला पट्टीला सेकंदाचे १८ शतांश लागतात, सव्वीसला २३ शतांश. फरक फक्त ५ शतांश सेकंदाचा.

यात काय एवढं? ताशी १४० किलोमीटरनं आलेला क्रिकेटचा चेंडू तेवढ्यात जवळजवळ दोन मीटर पुढे येतो. आजोबांची बॅट हलेपर्यंत मागे दांडी उडालेली असते. टेनिसमध्ये तेच, बॅडमिंटनमध्ये तेच. या सगळ्या खेळांत चेंडू किंवा फूल तुमच्या अंगावर धावून येतं आणि तुमच्या मेंदूला घाई करतं.

पण एका खेळात चेंडू येतच नाही. तो गवतात पडून असतो. तुम्ही नाक खाजवा, वारा बघा, चार वेळा हात झटका, तो आपला गप्प वाट बघतो. हा खेळ म्हणजे गोल्फ. म्हणूनच २०२३च्या २ जुलैला अमेरिकेत पासष्ट वर्षांच्या एका गृहस्थानं असं काही केलं, की ते मला तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्या स्पर्धेचं नाव यूएस सीनियर ओपन. पन्नास वर्षांखालच्यांना तिथे प्रवेश नाही! ज्येष्ठ व्यावसायिक गोल्फपटूंच्या पाच मोठ्या स्पर्धा आहेत, त्यांना 'मेजर' म्हणतात, आणि ही त्यांतली एक. चार दिवस, रोज अठरा होल. होल म्हणजे खरोखरच भोक, १०८ मिलिमीटर रुंदीचं. आपल्या फुलपात्राच्या तोंडापेक्षा थोडं मोठं म्हणा. सुरुवातीच्या जागेपासून चेंडू मारत मारत तिथवर न्यायचा आणि आत पाडायचा. सगळे होल मिळून ज्याचे फटके सर्वांत कमी, तो जिंकला. गाडीत बसून हिंडायची सोयही या स्पर्धेत नसते. २०२३ साली मैदानाची लांबीच साडेसहा किलोमीटर होती, आणि चेंडू कधी सरळ जात नाही, तेव्हा पायपीट त्याहून जास्तच.

स्पर्धा सुरू झाली १९८० साली. तेव्हा वयाची अट पंचावन्न वर्षांची होती. पहिला विजेता अर्जेंटिनाचा रॉबर्टो डी विसेंझो, वय सत्तावन्न. या डी विसेंझोची एक गोष्ट गणिताचा कंटाळा करणाऱ्यांनी जरूर ऐकावी. गोल्फमध्ये तुमचे फटके तुमचा सोबतचा खेळाडू लिहितो आणि तुम्ही तपासून सही करता. १९६८च्या मास्टर्स स्पर्धेत, शेवटच्या दिवशी, सतराव्या होलवर यानं तीन फटके घेतले आणि सोबत्यानं चुकून चार लिहिले. यानं न बघता सही ठोकली. नियम असा, की सही केलेला मोठा आकडाच खरा. त्या एका फटक्यामुळे त्याची पहिल्या क्रमांकाशी बरोबरी हुकली आणि जिंकायची संधीही गेली. त्यात त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता.

असो. त्या काळी अमेरिकेत गोल्फचा सगळ्यांत लाडका माणूस होता अरनॉल्ड पामर. १९८० साली तो अवघा पन्नास वर्षांचा, म्हणजे 'लहान' म्हणून बाहेर! दुसऱ्याच वर्षी आयोजकांनी अट पन्नासवर आणली. पामरसाठीच दार रुंद केलं, असं लोक आजही म्हणतात. पामर आला आणि १९८१ची स्पर्धा जिंकूनही गेला.

पण मला सांगायचंय ते बर्नहार्ड लँगरबद्दल. जर्मनीतल्या आनहाउझेन नावाच्या खेड्यातला हा मुलगा. वडील गवंडी. लहानपणी तो कॅडीचं काम करायचा, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्यामागून चालायचा. पुढे स्वतः खेळायला लागला. १९८१ साली इंग्लंडमध्ये यॉर्कजवळच्या फुलफर्डच्या मैदानावर त्याचा चेंडू झाडात अडकला. दुसरा कुणी असता तर दंडाचा फटका सोसून चेंडू खाली घेतला असता. लँगर काठी घेऊन झाडावर चढला आणि फांदीवरूनच चेंडू मारला. अजून लोक ते चित्र बघतात आणि हसतात.

आता जरा डोकं लावू या. म्हातारपणी शरीराचं नेमकं काय कमी होतं? आपल्या स्नायूंत दोन तऱ्हेचे धागे असतात. एक झटक्यात आकसणारे, धावायला, उडी मारायला, जोरात फटका मारायला. दुसरे सावकाश काम करणारे, पण न दमणारे. वय वाढतं तसे झटक्यावाले धागे आधी बारीक होतात. त्यामुळे लँगरचा पहिला लांब फटका तरुणांपेक्षा कितीतरी अलीकडे पडतो.

मग तो जिंकतो कसा? याचं उत्तर मैदानाच्या हिशोबात आहे. अठरा होलसाठी चांगल्या खेळाडूला साधारण ७२ फटके लागावेत असं धरलेलं असतं, मैदानाप्रमाणे एखादा कमी-जास्त. आणि त्या हिशोबात प्रत्येक होलला दोन फटके 'पट'चे मोजलेले असतात. पट म्हणजे भोकाजवळच्या गुळगुळीत हिरवळीवर, ग्रीनवर, चेंडू हळूच ढकलणं. अठरा दुणे छत्तीस. बहात्तरातले निम्मे! या निम्म्यांना ताकद लागतच नाही, ओवीच्या धाकट्या भावालाही जमेल एवढीच लागते. लांब फटक्यात दोनशे साठ मीटर गेलेला चेंडू एक फटका, आणि हातभर अंतरावरून भोकात ढकललेला चेंडूही एकच फटका. मला विचाराल तर गोल्फमधला हा सगळ्यांत न्यायी आणि सगळ्यांत छळवादी नियम आहे.

छळवादी, कारण लँगरचं नेमकं तिथेच अडलं होतं. त्याला 'यिप्स' झाला. नाव गमतीदार आहे, पण प्रकार वाईट. अगदी सोपा, हातभर अंतराचा पट, आणि ऐन वेळी मनगट आपोआप झटका देतं. सुई ओवताना नेमका दोरा भोकाशी आला की हात हलतो ना, तसं. लांब फटक्याला काही होत नाही, नेमक्या या नाजूक कामाला होतं. एकच बारीक हालचाल वर्षानुवर्षं लाखो वेळा केली की कधी कधी मेंदूतून हाताला जाणारा निरोपच गोंधळतो. आणि 'आता हात हलू द्यायचा नाही' असं ठरवलं, की हमखास हलतो.

लँगरला हे एकदा नाही, अनेकदा झालं. प्रत्येक वेळी त्यानं हाताला नवीन काहीतरी शिकवलं. एकदा तर तो डाव्या हातानं काठी खूप खाली धरायचा, तिचा वरचा भाग डाव्याच हाताला चिकटवायचा आणि उजव्या हातानं काठी व हात दोन्ही एकत्र आवळून धरायचा. फळी बांधलेल्या मोडक्या हातासारखं दिसायचं ते. पण त्यात मनगट हलूच शकत नाही! याच पकडीनं तो १९९३ची मास्टर्स जिंकला. पुढे त्यानं छातीपर्यंत येणारा लांब पटर, म्हणजे पट मारायची काठी, घेतला. लांब काठी खांद्यांच्या हालचालीनं घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि लहरी मनगटाला फारसं काम उरत नाही. दोऱ्याला किल्ली बांधून बघा. पंचवीस सेंटिमीटरच्या दोऱ्याला एक झोका, म्हणजे जाऊन परत यायला, एक सेकंद लागतो. एक मीटरच्या दोऱ्याला दोन सेकंद. लंबक लांब, तर झोका निवांत. २०१६पासून काठीचं वरचं टोक अंगाला टेकवायला बंदी आली. लँगरनं टोक छातीपासून थोडं दूर धरलं आणि खेळत राहिला.

म्हाताऱ्यांचा विषय निघालाच आहे तर म्हाताऱ्या चेंडूंचंही ऐका. एकोणिसाव्या शतकात गोल्फचे चेंडू गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून करायचे, अगदी गुळगुळीत. खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं, की नवाकोरा चेंडू लवकर पडतो आणि खरचटलेला, चरे पडलेला जुना चेंडू लांब जातो! मग लोक नव्या चेंडूंवर मुद्दाम ओरखडे काढू लागले. आजच्या चेंडूवर जे तीनशे-चारशे खळगे दिसतात, ते या ओरखड्यांचेच नातू. गुळगुळीत चेंडूवरून वाहणारी हवा लवकर सुटते आणि मागे भोवऱ्यांचा रुंद पट्टा राहतो, तो चेंडूला मागे ओढतो. खळग्यांमुळे पृष्ठभागालगतची हवा घुसळली जाते, चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते आणि मागचा पट्टा अरुंद होतो. ओढ जवळजवळ निम्मी होते.

तर, २०२३. विस्कॉन्सिन राज्यातलं सेंट्रीवर्ल्ड नावाचं मैदान. तिथे एक होल असा आहे, की त्याच्याभोवती तीस हजारांहून जास्त फुलझाडं लावतात. गर्दी सगळी स्टीव्ह स्ट्रिकर आणि जेरी केली यांच्या बाजूची, कारण दोघंही त्याच राज्यातले, घरचे. लँगरचे चार दिवसांचे फटके झाले २७७, म्हणजे या मैदानासाठी धरलेल्या हिशोबापेक्षा सात कमी. शेवटच्या तिन्ही होलवर त्याचा एकेक फटका जास्त गेला, तरी स्ट्रिकर दोन फटके मागेच राहिला. पासष्ट वर्षं दहा महिने वयाचा माणूस विजेता! याआधीचा सर्वांत वयस्कर विजेता अठ्ठावन्न वर्षांचाही नव्हता. हा लँगरचा ज्येष्ठांच्या अमेरिकी मालिकेतला ४६वा विजय, तोही विक्रमच. २०२४च्या सुरुवातीला त्याच्या टाचेची शीर तुटली. तीन महिन्यांत तो परत मैदानात, आणि नोव्हेंबरमध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, ४७वा विजय.

या खेळात एक मान आहे, तो फक्त म्हाताऱ्यांना मिळू शकतो. तो म्हणजे आपल्या वयाएवढ्या फटक्यांत अठरा होल संपवणं. तुम्ही दहा वर्षांचे असाल तर ते अशक्यच, कारण होलच अठरा. अठराव्या वर्षी करायचं तर प्रत्येक चेंडू पहिल्याच फटक्यात भोकात! पण सदुसष्टाव्या वर्षी? १९७९ साली सॅम स्नीड हा खेळाडू तरुणांच्याच मुख्य मालिकेत खेळत होता. तेव्हा तो बरोबर सदुसष्ट वर्षांचा होता. त्यानं एका दिवशी ६७ फटके घेतले, आणि त्याच स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी ६६. दर वाढदिवसाला हे गणित एका फटक्यानं सोपं होतं आणि गुडघे तेवढेच अवघड होतात.

धावणं लवकर थांबतं आणि गोल्फ चालू राहतं, याचं आपल्याकडचं उदाहरण एकाच घरातलं आहे. मिल्खा सिंग १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर धावले आणि चौथे आले. १९६४च्या टोकियोनंतर, पस्तिशीच्या आसपास, त्यांचं धावणं थांबलं. झटक्यावाल्या धाग्यांचा खेळ तो. त्यांचा मुलगा जीव गोल्फपटू झाला आणि डिसेंबर २०२१मध्ये पन्नाशी पूर्ण करून ज्येष्ठांच्या स्पर्धांना 'लहान' म्हणून दाखल व्हायला मोकळा झाला. आणि पुण्यात जन्मलेला गोल्फपटू अनिर्बन लाहिरी? जन्म १९८७चा. म्हणजे त्याला २०३७पर्यंत थांबावं लागेल. ओवी तेव्हा बाविशी-तेविशीत असेल.

प्रयोगाचा दुसरा भाग राहिलाच. हॉलमध्ये सतरंजी पसरली, टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवला. पटर म्हणून आजोबांची चालायची काठी, उलटी धरलेली. चेंडू प्लास्टिकचा. दोघांना दहा दहा फटके. ओवीनं धडाधडा मारले, तीन आत गेले. आजोबा आधी सतरंजीवरून एकदा चालून आले, एक सुरकुती पायानं सरळ केली, पंखा बंद करायला लावला. मग ओळीनं सात आत.

"पंखा कशाला बंद केला?" ओवी वैतागली.

"वारा," आजोबा म्हणाले, आणि आठवा चेंडू ठेवायला वाकले. वाकायला मात्र त्यांना बराच वेळ लागला. चेंडू थांबला होता.