व्होल्व्हो २४०: खोक्याला वळण लावताना

१९८५ सालची युरोपियन टूरिंग कार चॅम्पियनशिप एका चौकोनी स्वीडिश खोक्याने जिंकली. जियानफ्रांको ब्रांकाटेली आणि थॉमस लिंडस्ट्रॉम यांची ती व्होल्व्हो २४० टर्बो. पुढे साधे मॅकफर्सन स्ट्रट, मागे अखंड अ‍ॅक्सल, एवढ्याच भांडवलावर. याच मालिकेतली जुनी स्टेशन वॅगन ज्यांच्या दारात आहे त्यांना ही हकीकत खोटी वाटेल. त्यांची गाडी वळणावर आधी कलते, मग जरा विचार करते आणि मग वळते.

ही मालिका १९७४ मध्ये आली आणि १९९३ पर्यंत निघत राहिली. २८ लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यांत साधारण दर तिसरी वॅगन. सुरुवातीला तिला २४५ म्हणत. शेवटचा पाच म्हणजे पाच दरवाजे. सामानाच्या जागेत मुलांसाठी उलट्या तोंडाचं जादा बाकही मिळायचं. स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत या गाड्या हौसेने सांभाळणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले बरेचजण सुधारणेची सुरुवात नेमकी चुकीच्या टोकाला करतात: आखूड स्प्रिंग आणून गाडी खाली बसवतात.

गाडी मुळात नीट का चालत होती, ते आधी पाहायला हवं. आपल्या प्रीमियर पद्मिनीत मागे पाटे होते. पाटे वजनही पेलतात आणि अ‍ॅक्सलला जागेवरही धरून ठेवतात. २४० मध्ये मागे कॉइल स्प्रिंग आहेत, आणि कॉइल फक्त वजन पेलते. अ‍ॅक्सल पुढेमागे सरकू नये म्हणून खाली दोन लांब आर्म, तो स्वतःभोवती फिरू नये म्हणून वर दोन टॉर्क रॉड, आणि डावीउजवीकडे हलू नये म्हणून एक आडवा पॅनहार्ड रॉड. या प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना रबराचा बुश. तीस वर्षांत ते रबर चिरतं, मऊ पडतं, आणि अ‍ॅक्सल आपल्या मर्जीने वागू लागतो. अ‍ॅक्सलेटर सोडला की गाडी किंचित एका बाजूला खेचते, पुन्हा दाबला की दुसरीकडे. मालक शॉकअपला दोष देतो, टायरला देतो. दोष बहुतेक वेळा खालच्या आर्मच्या मोठ्या बुशांचा निघतो.

म्हणून आधी सगळे बुश. ते बसवताना एक पथ्य पाळायचं: गाडी जॅकवर लटकत असताना बोल्ट पक्के आवळायचे नाहीत. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली उतरल्यावर रबराला कायमचा पीळ पडतो आणि नवा बुश वेळेआधीच फाटतो. बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, आणि मगच पाना.

दुसरा नंबर शॉकअपचा. काही वॅगनच्या मागे निव्होमॅट नावाचे शॉकअप असतात. सामान भरलं की गाडीच्या हेलकाव्यांवरच ते स्वतःला पंप करून मागची बाजू पुन्हा वर उचलतात. अशा गाडीच्या स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवलेल्या असतात, कारण काही भार शॉकअपच पेलतो. तिथे साधे शॉकअप लावले आणि स्प्रिंग तशाच ठेवल्या, तर गाडी मागून बसलीच म्हणून समजा. दोन्ही जोडीने बदलावे लागतात.

झोक कमी करायचा तर अँटी-रोल बार जाड करावा. इथे गणित मालकाच्या बाजूने आहे: दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १९ मिमीच्या जागी २३ मिमीचा लावला की तो दुपटीहून जास्त ताठ होतो, आणि सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं एकदम उडतात तेव्हा तो जवळजवळ आड येत नाही. व्होल्व्होने स्वतः २४२ जीटीमध्ये जाड बार आणि कडक स्प्रिंग दिल्या होत्या.

आता त्या आखूड स्प्रिंगांकडे. मॅकफर्सनची पुढची बाजू फार खाली घेतली की खालचा आर्म चाकाकडे वर चढतो. मग गाडीचं रोल सेंटर तिच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतं, म्हणजे झोक द्यायला तरफ उलट लांब होते. दिसायला रेसची गाडी, पण त्याच स्प्रिंगवर आधीपेक्षा जास्त कलणारी; मग ते झाकायला आणखी कडक स्प्रिंग. शिवाय खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग आपोआप थोडं वळतं. यावर इलाज आहे, स्ट्रट आणि बॉल जॉइंट यांच्यामध्ये जाड तुकडा घालून आर्म पुन्हा आडवा करायचा. पण मुळात आपणच ओढवून घेतलेलं दुखणं ते.

माझं मत जुनाट वाटलं तर वाटो. लोक ही वॅगन सांभाळतात ती मागचं दार उघडून आख्खं कपाट आत ढकलता येतं म्हणून. बुश, शॉकअप, बार, चांगले टायर आणि शेवटी अलाइनमेंट, एवढ्यावर हात आवरावा. सामान भरल्यावर जिचे मागचे टायर मडगार्डला घासतात, ती वॅगन सुधारली असं मी म्हणणार नाही.