टॅबला लावलं नवं विरजण

बारा बायकांच्या पैशांचा हिशेब एका काचेमागे अडकला की झोप कशी उडते, ते मैत्रिणींनो, मी गेल्या उन्हाळ्यात अनुभवलं.

करमाळ्यातल्या आमच्या बचत गटाचा हिशेब माझ्याकडे असतो. पुण्याच्या भाचीने तिचा २०१३ सालचा आयपॅड मला दिला होता. सुरुवातीला मी वहीत लिहून त्या पानाचा फोटो काढून ठेवायचे. मग अंगात आळस शिरला. कोणी किती कर्ज घेतलं, किती फेडलं, सगळं थेट टॅबवरच टिपायला लागले. वही चार महिने कोरी! बॅकअप म्हणाल तर तोही कधी घेतला नव्हता.

एका दुपारी टॅब चार्जिंगला लावला आणि अपडेट सुरू केलं. मध्येच लाइट गेली. म्हातारी बॅटरी कितीशी तग धरणार? रात्री सुरू करायला गेले, तर नुसतं कंपनीचं चिन्ह. पुढे काहीच नाही. चूक माझीच होती. बैठकीत सगळं सांगितलं, तेव्हा एक आक्का म्हणाल्या, "आकडं काचेत ठेवलंस गं, पण वही कुठंय?" मान खाली गेली.

दुरुस्तीच्या दुकानात ऐकलं, "सगळं पुसून नवीन टाकावं लागेल." पुसून? मी टॅब उचलला आणि घरी आले.

शनिवारी भाची रेल्वेने जेऊरला उतरली, तिथून एसटीने घरी. सोबत लॅपटॉप. तिने मला आधी नीट समजावलं. टॅबच्या पोटात एक मूळ प्रणाली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. ती अर्धवट लिहिली गेली की टॅबला जागच येत नाही. घरातलं विरजण नासलं, तर आपण शेजारणीकडून चमचाभर आणतोच ना? तसंच हे. टॅबला स्वतःचं स्वतः बरं होता येत नाही. चांगली प्रणाली कॉम्प्युटरने उतरवून केबलमधून द्यावी लागते.

हे काही जुन्या टॅबचंच दुखणं नाही बरं का! २०१६ च्या मे महिन्यात नव्या ९.७ इंची आयपॅड प्रोपैकी काही टॅब ९.३.२ हे अपडेट घेताना असेच अडकले होते. पडद्यावर 'एरर ५६'. कंपनीने ते अपडेट थांबवलं आणि जूनमध्ये दुरुस्त करून पुन्हा दिलं.

आता कृती. विंडोज लॅपटॉपवर आयट्यून्स सुरू करून टॅब केबलने जोडला. होम आणि वरचं पॉवर, ही दोन्ही बटणं एकत्र दाबून धरली. चिन्ह आलं तरी सोडायची नाहीत. पडद्यावर केबलचं चित्र दिसलं की मगच सोडायची. लॅपटॉपवर दोन पर्याय आले, 'अपडेट' आणि 'रिस्टोअर'. माझा हात 'रिस्टोअर'कडे गेला, तसा भाचीने तो धरला. "मावशी, थांब! त्याने सगळं पुसलं जातं. 'अपडेट' आतल्या वस्तूंना हात न लावता फक्त प्रणाली पुन्हा बसवायचा प्रयत्न करतं. आधी तेच."

फाइल दोन जीबीच्या वर, आणि नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. उतरवायला पंधरा मिनिटांहून जास्त वेळ लागला की टॅब त्या अवस्थेतून आपोआप बाहेर पडतो. आमचाही पडला. घाबरायचं नाही. फाइल पूर्ण उतरू द्यायची आणि मग बटणं पुन्हा दाबून धरायची. दुसऱ्या खेपेला पांढरी रेघ हळूहळू पुढे सरकली. मी देवापुढे दिवा लावून बसले होते, हसू नका!

टॅब उघडला. हिशेब जसाच्या तसा.

पण प्रत्येकीचं नशीब असं जोरावर असेलच असं नाही. 'अपडेट' जमलं नाही, तर 'रिस्टोअर'च उरतं. त्यानंतर टॅब मूळ मालकाचा ॲपल आयडी आणि पासवर्ड मागू शकतो. म्हणून कुणाचा जुना टॅब घेताना तो आधी त्यांच्या खात्यातून मोकळा करून घ्या. अँड्रॉइड टॅबची रीत कंपनीगणिक वेगळी असते. मागच्या बाजूचा मॉडेल नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे, नाहीतर चुकीच्या फाइलने टॅब कायमचा बंद पडू शकतो. अनोळखी ठिकाणाहून फाइल तर घेऊच नका.

अजून एक सांगते. माझ्या टॅबला २०१९ पासून नवी प्रणाली मिळालेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षेची एक दुरुस्ती आली होती. अशा टॅबवर बँकेचे व्यवहार नकोत. वाचायला, पाककृती बघायला, मुलांना गोष्टी ऐकवायला तो अजून छान आहे.

बचत गटाची पंचसूत्री आपल्या सगळ्यांना पाठ असते. बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि शेवटी नियमित नोंदी. त्या शेवटच्या सूत्राचा अर्थ मला त्या रात्री कळला. टॅब सुरू झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल? पेन घेतलं आणि चार महिन्यांचा हिशेब वहीत उतरवला. पुढच्या बैठकीत वही आधी आक्कांच्याच हातात दिली. चष्मा लावून एकेक ओळ तपासून झाल्यावर त्यांनी सही केली.

तुमच्या वहीचं शेवटचं पान कधी लिहिलंय? आज बघून घ्या.