लेक परगावी, टीव्ही घरी

बचत गटाची बैठक संपली, वही मिटली, चहा आला, की एक प्रश्न हमखास निघतो. "लेक लांब आहे हो. आपल्या घरच्या टीव्हीवर जे दिसतं ते तिला तिथं मोबाईलवर दिसेल का?" उत्तर हो असंच आहे. पण कसं दिसतं, त्यासाठी कोणाचे पैसे जातात आणि त्यात धोका कुठं आहे, ते नीट समजून घेऊया.

आपल्या भागात हा प्रश्न चैनीचा नाही. विटा, खानापूर, आटपाडी, तासगावकडची आणि इकडे माण-खटावची कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं हे काम. दुष्काळानं माणसं बाहेर पडली आणि केरळ, तामिळनाडूपासून पंजाब, बंगालपर्यंत सराफ पेठांच्या कडेला जाऊन बसली. नवरा दुकानात असतो, पोरं शाळेत तिथलीच भाषा बोलतात आणि मराठी उरते ती घराच्या चार भिंतींत. त्या भिंतींत आईशिवाय आणखी एखादा मराठी आवाज असावा, असं तिकडच्या बाईला वाटलं तर त्यात नवल काय? नातवाला आजीशी फोनवर बोलताना शब्द सापडत नाहीत, हे दुःख आपल्यातल्या पुष्कळ जणींना ठाऊक आहे.

आता पहिली गोष्ट. लेक भारतातच असेल तर इंटरनेटच्या मागं लागायच्या आधी छपरावर बघा. टीव्ही पूर्वी जमिनीवरच्या मनोऱ्यावरून यायचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढं आपल्या गावांत टीव्ही आले तेव्हा चित्र दिसावं म्हणून उंच बांबूला अँटेना बांधून एकानं वर फिरवायचं आणि दुसऱ्यानं खालून ओरडायचं, "आलं, आलं, आता गेलं!" मनोऱ्याची लहर डोंगर आडवा आला की अडते. आपल्या या सामुदायिक रेडिओचंही तसंच आहे. घाट ओलांडला की आमचा आवाज खरखरायला लागतो.

डिशचं तसं नाही. तिचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एका जागी ठरल्यासारखा असतो आणि तिथून तो सगळ्या देशावर एकदमच लहरी सोडतो. जी सह्याद्री वाहिनी म्हसवडला उतरते तीच कोचीलाही उतरते. फक्त तिथं डिशचं तोंड पुन्हा नीट लावावं लागतं, कारण गाव बदललं की उपग्रह दिसायचा कोन बदलतो. दूरदर्शनची फ्री डिश डिसेंबर २००४ पासून आहे. तिला महिन्याचं भाडं नाही, डिश आणि बॉक्स एकदाच घ्यायचा. तिच्यावरच्या खासगी वाहिन्या मात्र लिलावाप्रमाणे बदलत राहतात, त्यामुळे लेकीची आवडती मालिका तिथं असेलच असं नाही. ती हवी असेल तर पैशाच्या डिशवर मराठी वाहिन्यांचा पॅक घेता येतो, तोही कुठल्याही राज्यात. मला विचाराल तर परराज्यातल्या बिऱ्हाडाला हाच मार्ग बरा. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसून मोठ्या पडद्यावर बघता येतं आणि मोबाईलचा डेटा जळत नाही.

परदेशाची गोष्ट वेगळी. लेक-जावई दुबईला किंवा अमेरिकेत असले तर आपली छपरावरची डिश तिथं चालत नाही. मोबाईलवरचं ॲपही पुष्कळदा "तुमच्या भागात हे उपलब्ध नाही" असं म्हणून हात वर करतं. हे नेटचं दुखणं नाही. मालिका किंवा सामना दाखवायचा हक्क देशागणिक विकलेला असतो. तुमचा फोन कुठल्या देशातून बोलतोय हे इंटरनेटच्या पत्त्यावरून कंपनीला कळतं आणि त्याप्रमाणे ती दार उघडते किंवा लावते.

यावर अमेरिकेतल्या ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन या दोन भावांनी एक युक्ती काढली होती. त्यांना बेसबॉलचं वेड. प्रवासात असलं की आपल्या संघाचा सामना दिसायचा नाही, कारण तो त्यांच्या गावच्या वाहिनीवर असायचा. मग त्यांनी एक डबा बनवला, स्लिंगबॉक्स, आणि २००५ साली तो बाजारात आणला. डिशच्या बॉक्समधून टीव्हीकडे जाणारं चित्र या डब्यात घ्यायचं, दाबून लहान करायचं आणि घरच्या इंटरनेटवरून बाहेर पाठवायचं. मालक जगात कुठंही असो, त्याच्या संगणकावर स्वतःच्या घरचा टीव्ही उमटायचा. चित्र घरूनच निघालेलं असल्यामुळे देशाच्या कुंपणाचा प्रश्न यायचा नाही.

गंमत अशी की या डब्यातून रिमोटही लांबून चालायचा. लेकीनं तिकडं मोबाईलवर वाहिनी बदलली की डबा इथल्या बॉक्सला रिमोटसारखाच इशारा द्यायचा. आता बॉक्स एक म्हणजे वाहिनी एक. इथं आजी कीर्तन ऐकत बसलेली आणि तिकडून नातवानं कार्टून लावलं, तर आजीच्या पुढ्यातही कार्टूनच! एका मोटारीवर एका वेळी एकाच शेताचं बारं धरता येतं, तसंच हे. लांब बघणाऱ्यासाठी वेगळा बॉक्स ठेवला तरच दोन्हीकडं शांतता. टीव्हीचा पडदा बंद असला तरी चालायचं, पण बॉक्स, डबा आणि वायफाय तिन्ही चालू हवेत. म्हणजे इथं लाईट गेली की सातासमुद्रापलीकडचा पडदाही काळा.

यातली आणखी एक बाब आपल्या गावांत फार महत्त्वाची आहे. आपण मोबाईलवर व्हिडिओ बघतो तेव्हा नेट आपल्याकडं येत असतं. घरचा टीव्ही बाहेर पाठवायचा तर ते उलटं, घरातून बाहेर जायला हवं. मोबाईलच्या नेटवर येणारा पाट रुंद असतो आणि जाणारा अरुंद. म्हणून इथं यूट्यूब झकास चालतं, पण इथून पाठवलेलं चित्र अडखळतं. जिथं फायबरची तार घरापर्यंत आली आहे तिथं सहसा ही अडचण कमी येते. शिवाय डेटा दोन्हीकडं खर्च होतो. मध्यम प्रतीचं चित्र तासाला साधारण पाऊण ते एक जीबी खातं. रोज अर्ध्या तासाची एक मालिका, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे दहा ते तेरा जीबी इथून गेले आणि तेवढेच तिकडं उतरले. रिचार्ज करणाऱ्या सासऱ्यांना हे आधी सांगितलेलं बरं!

पुढं काय झालं? २०२० साली कंपनीनं स्लिंगबॉक्स बनवणं थांबवलं आणि ९ नोव्हेंबर २०२२ ला आपले मधले संगणक बंद केले. घर आणि बघणारा यांची गाठ घालून देणारे ते संगणकच गेल्यावर, चांगले धडधाकट डबे एका दिवसात निकामी झाले. वस्तू आपल्या कपाटात असली तरी तिचा जीव कंपनीच्या हातात होता. वापरलेला स्लिंगबॉक्स स्वस्तात देतो असं कोणी म्हणालं तर पैसे घालू नका. तसंच काही नवीन सामान जोडून करून देतो म्हणणारे भेटतील. पण पुष्कळशा डिश-बॉक्समध्ये नक्कल रोखणारं कुलूप असतं, त्यामुळे सगळं जोडूनही चित्र काळंच येतं. आणि जमलंच, तरी ते आपल्या घरच्या माणसांपुरतं ठेवायचं. असं चित्र गल्लीभर वाटणं किंवा त्याचे पैसे घेणं कायद्यात बसत नाही.

आपल्या बायका मात्र डब्यावाचून अडलेल्या नाहीत. व्हिडिओ कॉल लावायचा आणि फोन तांब्याला टेकवून टीव्हीपुढं उभा करायचा, ही युक्ती कोणी शिकवावी लागली नाही. चित्र दिसतं, पण आवाज मध्येच गिळला जातो. कारण कॉलचं ॲप माणसाचं बोलणं स्वच्छ ऐकू जावं म्हणून मागचा गोंगाट कापत असतं. टीव्हीवरचं संगीत, टाळ-मृदंग त्याला गोंगाटच वाटतो. त्यात फॅन चालू असेल तर बघायलाच नको. दहा मिनिटांच्या प्रसंगाला हे ठीक, रोजच्या मालिकेला नाही.

बऱ्याचदा घरचा टीव्ही पाठवायची गरजच नसते, कारण तोच कार्यक्रम दुसऱ्या वाटेनं मिळतो. प्रसारभारतीनं २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात 'वेव्हज' हे ॲप सुरू केलं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या आहेत. सह्याद्रीचे कार्यक्रम यूट्यूबवरही येतात. आषाढी एकादशीची पंढरपूरची शासकीय महापूजा सह्याद्री थेट दाखवते. ती पहाटेच्या अंधारात असते, पण अमेरिकेतल्या लेकीची तेव्हा आदल्या दिवशीची दुपार असते. म्हणजे आपल्याआधी तिलाच नीट जागेपणी दर्शन! मात्र नेटवरून आलेलं चित्र डिशपेक्षा काही सेकंद मागं असतं. क्रिकेटचा सामना चालू असताना लेकीला फोन लावून "गेला गेला, आऊट!" म्हणू नका, तिथं अजून चेंडू पडलेला नसतो.

आता ज्यासाठी हा विषय मुद्दाम घेतला तिकडं येते. पैशाच्या डिशवाल्या कंपन्या आपापल्या ॲपवर वाहिन्या बघायची सोय देतात. खातं असतं घरच्या डिशचं आणि नोंदवलेला नंबर असतो सासऱ्यांचा नाहीतर आईचा. लेक तिकडं ॲप उघडते आणि ओटीपी येतो इथं. मग फोन येतो, "आई, आकडा आला का? सांग." आई आकडा सांगते आणि मालिका सुरू होते. एकदा, दोनदा, दहादा. आईच्या मनात पक्कं बसतं की टीव्हीसाठी फोन आला की आकडा सांगायचा असतो. पुढं एक दिवस "तुमच्या डिशचं कनेक्शन बंद होणार आहे" म्हणून परका माणूस फोन करतो, आणि तोही आकडाच मागतो.

काही ठग आकडाही मागत नाहीत. "ताई, एक ॲप टाका, मी इथून दुरुस्त करतो," म्हणतात. ते ॲप पडदा दाखवायचं असतं. तुमच्या मोबाईलच्या पडद्यावर जे उमटतं ते सगळं त्या माणसाला तिकडं दिसतं. बँकेचा निरोप आला तर तोही आणि त्यातला ओटीपीही. घरचा पडदा लांबून बघायची जी सोय लेकीसाठी वापरता येते, तीच इथं चोराच्या हाती जाते. डिश दुरुस्त करायला कोणाला तुमच्या मोबाईलचा पडदा बघावा लागत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

म्हणून लेकीला सांगा की येत्या सुट्टीत आली की तिच्या मोबाईलवर ॲप इथंच, तुमच्या शेजारी बसून लावून घे. कंपनी परवानगी देत असेल तर खात्यात तिचाही नंबर नोंदवा. तोपर्यंत आकडा द्यायचाच झाला तर आपण स्वतः तिला व्हिडिओ कॉल लावायचा, तोंड बघायचं आणि मग सांगायचा. निरोपात बँकेचं किंवा पैशाचं नाव असेल तर लेक असली तरी नाही. कंपनीचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथं ठगांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. बॉक्सच्या खोक्यावर किंवा बिलावर छापलेला नंबर घ्या, तो आपला ग्राहक क्रमांक यांच्यासह कागदावर लिहा आणि टीव्हीच्या मागं चिकटवा. त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत १९३० लिहा. पैसे गेले असं कळलं की आधी या नंबरवर फोन लावायचा आणि मग बँकेला. घरात कोण काय म्हणेल या भीतीनं संध्याकाळपर्यंत थांबू नका. तक्रार लवकर गेली तर पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता असते.