‘वॉटरप्रूफ’ गोंद आणि माशांची सुरक्षितता

घरच्या फिशटँकसाठी करवंटीची गुहा किंवा दगडांची कमान करताना अनेक जण गोंदाच्या डबीवरचा ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द पाहून निश्चिंत होतात. समज स्वाभाविक आहे, पण अपुरा. जलरोधक म्हणजे पाण्याने जोड सुटत नाही, एवढेच. त्या जोडातून पाण्यात काय उतरते, ते या शब्दावरून कळत नाही. मासे कल्ल्यांनी श्वास घेतात. पाण्यात विरघळलेली रसायने तिथून थेट रक्तात जाऊ शकतात.

काचेच्या टाक्या जोडायला वापरतात ते शुद्ध सिलिकॉन सजावटीलाही उत्तम. त्याच्या नेहमीच्या प्रकारातून घट्ट होताना अ‍ॅसिटिक आम्ल (व्हिनेगरमधला आंबट घटक) बाहेर पडते, म्हणून उग्र वास येतो. जाड भाकरीला वरून पापुद्रा धरला तरी ती आत कच्ची असू शकते, तसेच याचे आहे. पृष्ठभाग अर्ध्या तासात कोरडा लागतो. आतला थर पक्का व्हायला किमान 24 तास, जाड जोडाला काही दिवस लागतात.

बाथरूमसाठीचे सिलिकॉन मात्र टाळावे. त्यात बहुधा बुरशीनाशक मिसळलेले असते.

सायनोअ‍ॅक्रिलेटची (क्षणात चिकटणारा गोंद) अनेकांना उगाच भीती वाटते. समुद्री टाक्या सांभाळणारे हौशी लोक त्याच्याच जेलने जिवंत प्रवाळाचे तुकडे खडकावर बसवतात. पण तो ठिसूळ असतो. जड दगडांची कमान त्याच्या भरवशावर उभारू नये.

सजावट पूर्ण सुकल्यावर धुऊन दिवसभर बादलीत बुडवून ठेवावी. पाण्याला वास आला किंवा तवंग दिसला, तर ती टाकीत घालू नये.