रिफायनरी दारात आली की पेट्रोल स्वस्त?

नाणार झालं, मग बारसू. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांच्या, वर्षाला ६ कोटी टन कच्चं तेल शुद्ध करणाऱ्या प्रस्तावित रिफायनरीवरून राजापूर तालुका २०१७ पासून ढवळून निघाला आहे. मार्च २०१९ मध्ये नाणारची भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणावरून ग्रामस्थ आणि पोलीस समोरासमोर आले. आंबा, मासळी, कातळशिल्पं यांचा वाद मोठा आहे. तो इथे बाजूला ठेवू. एक समज मात्र तपासून पाहावा असा आहे: तेल इथेच शुद्ध झालं, तर निदान आपल्याला पेट्रोल-डिझेल स्वस्त मिळेल.

हे खरं असतं तर मुंबईकर सुखी असते. मुंबईतल्या माहुलला १९५० च्या दशकापासून एक सोडून दोन रिफायनऱ्या आहेत. तरीही जुलै २०२४ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला १०३ रुपये ४४ पैसे होतं आणि दिल्लीत ९४ रुपये ७२ पैसे. कारण करात आहे. महाराष्ट्राचा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, म्हणजे सुमारे २५ रुपये. दिल्लीत तो १५ रुपयांच्या थोडा वर. दोन्हीकडचा व्हॅट वजा करून पाहा, मुंबईचं पेट्रोल दिल्लीपेक्षा रुपयाभरानेही स्वस्त निघत नाही. रिफायनरी जवळ असली की मुख्यतः वाहतूक खर्च वाचतो, आणि तो एवढाच असतो.

‘पण बॉम्बे हायचं तेल तर आपलंच आहे!’ आहे, १९७४ पासून. पण देशाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज आयातीवर भागते, आणि रिफायनरीच्या दारातला पेट्रोल-डिझेलचा भाव ठरवताना कच्चं तेल कुठल्या विहिरीतून निघालं हे कोणी विचारत नाही. २००६ पासूनची पद्धत अशी की हा भाव ८० टक्के आयातीच्या आणि २० टक्के निर्यातीच्या दराला बांधलेला. माहुलच्या डिझेललाही आखाती बाजाराचाच भाव लागतो.

मग जगात तेल उतरलं की पंपावर लगेच उतरायला हवं? २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या वायदेबाजारात कच्च्या तेलाचा भाव शून्याखाली, उणे ३७ डॉलरवर गेला. त्यानंतर मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी कर वाढवला. जागतिक बाजारातली घसरण ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधीच तिजोरीत जमा झाली.

कुठलंही तेल कुठल्याही रिफायनरीत चालतं, हाही एक गैरसमज. बॉम्बे हायचं तेल हलकं, कमी गंधकाचं. आखाताचं बरंचसं आणि रशियाचं उरल्स गंधकाने जड. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधक दहा लाखांत १० भागांपेक्षा जास्त चालत नाही. ते काढायला हायड्रोजन आणि महागडी संयंत्रं लागतात. ज्या रिफायनरीकडे ती आहेत, तिला स्वस्त, जड तेल परवडतं. २०२२ नंतर रशियन तेल सवलतीत मिळालं आणि २०२३-२४ मध्ये आयातीत त्याचा वाटा एक तृतीयांशावर गेला. दर मात्र कंपन्यांनी एप्रिल २०२२ ते मार्च २०२४ हलवलेच नाहीत. आधी तोटा सोसला, मग विक्रमी नफा कमावला. जून २०१७ पासून देशभर दर रोज बदलतात म्हणे!

बाजारभाव म्हणजे काय हे मार्च २०२२ मध्ये मच्छीमार सोसायट्यांना कळलं. त्याआधी पंपावरचे दर कंपन्यांनी चार महिने रोखून धरले होते. घाऊक दर मात्र लिटरमागे २५ रुपयांनी वाढवले. मुंबईत किरकोळ डिझेल ९४ रुपये, घाऊक १२२. घाऊक ग्राहकांत एसटी होती आणि मच्छीमार सोसायट्यांचे पंपही. एसटी महामंडळ किरकोळ पंपांकडे वळलं. ट्रॉलरवाल्यांना ते तितकं सोपं नव्हतं: त्यांच्या डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा सोसायटीमार्फत मिळतो.